मोटारीच्या विजेचे पहारेकरी

मोटारगाडी म्हटली, कीं मनापुढें इंजिन, पेट्रोल आणि चाकें उभीं राहतात. तिच्या अंगांत खेळणारी वीज मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक आजच्या मोटारींत विजेवांचून पानहि हलत नाहीं. इंजिन सुरू करणें, टाकींतील पेट्रोल पुढें ढकलणें, दिवे लावणें, हॉर्न वाजविणें, पावसांत कांच पुसणें, खिडक्या वर-खालीं करणें, हीं सर्व कामें बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर आणि इंजिनाबरोबर फिरणाऱ्या आल्टर्नेटरवर चालतात. आणि म्हणूनच पावसाळी रात्रीं घाट उतरतांना वायपर एकाएकीं थांबला, किंवा गर्दीच्या रस्त्यांत हॉर्न मुका झाला, म्हणजे एरवीं धीराचा असलेला गृहस्थहि गोंधळून जातो. पुष्कळदां या संकटाचें मूळ थोडक्या किंमतीच्या एका इवल्याशा वस्तूंत असतें आणि ती पांच मिनिटांत बदलतां येते. परंतु तीच वस्तु अज्ञानानें बदलली, तर सुस्थितींतील गाडी आगीच्या भक्ष्यस्थानीं पडूं शकते. ही वस्तु म्हणजे फ्यूज. तिच्याच शेजारीं राहणारा आणि तितकाच दुर्लक्षित असा तिचा सोबती म्हणजे रिले.

तारेंतून वीज वाहूं लागली कीं तार तापते, हा अनुभव सर्वांचा आहे. इस्तरी तापते ती याच कारणानें. ही उष्णता किती, याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. उष्णता ही विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असें तो नियम सांगतो. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि प्रवाह तिप्पट झाला तर ती नऊपट होते. ही चौपट-नऊपट ज्यानें नीट ध्यानांत ठेवली, त्याला फ्यूजचें सारें शास्त्र समजलें म्हणावयास हरकत नाहीं.

विजेच्या वाटेंत जाणूनबुजून एक दुबळा दुवा ठेवावयाचा, आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं इतर कांहीं जळण्यापूर्वीं त्यानें वितळून वाट तोडावयाची, हीच फ्यूजची कल्पना. जुन्या घरांतील चिनी मातीच्या फ्यूजमध्यें बारीक तार ओवलेली असे, ती अनेकांनीं पाहिली असेल. मोटारींतील फ्यूजमध्यें त्या तारेच्या जागीं बहुधा जस्ताची वळणदार पट्टी असते. तांबें वितळावयास सुमारें १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. जस्त ४२० अंशांच्या आंतच पाझरतें. गाडीच्या तारा तांब्याच्या आणि हा दुवा जस्ताचा, यांतील योजना यावरून सहज उमगेल.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फ्यूज हा दिव्याच्या, हॉर्नच्या किंवा रेडिओच्या रक्षणासाठीं बसविलेला असतो, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. उदाहरणार्थ, ५५ वॉटचा पुढचा दिवा घ्या. ५५ स बारांनीं भागिलें म्हणजे सुमारें ४.६ अँपिअर इतका प्रवाह येतो. त्याच्या तारेंत पुष्कळ गाड्यांतून १० अँपिअरचा फ्यूज घातलेला असतो. आणि दोन्ही दिवे एकदम विझून चालकापुढें अंधार पसरूं नये, म्हणून डाव्या व उजव्या दिव्यास निरनिराळे फ्यूज ठेवण्याची रीत आहे. दिवा शाबूत आहे तोंवर तोच प्रवाहास आवर घालतो. परंतु दिव्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच तारेचें आवरण घासून तिचें उघडें अंग गाडीच्या पत्र्यास लागलें तर? मोटारींत बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या पत्र्यासच जोडलेलें असल्यामुळें तो पत्रा हीच विजेची परतीची वाट असते. मग वाटेंत आवर घालणारें कांहीं उरत नाहीं, आणि बॅटरी कित्येक शें अँपिअर प्रवाह त्या तारेंत ओतूं लागते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. अशा क्षणीं तार आणि आग यांच्यामध्यें एकटा फ्यूज उभा असतो.

आजच्या मोटारींतील फ्यूज बहुधा प्लॅस्टिकच्या छोट्या चौकोनांतून दोन चपटे पाय खालीं आलेले, असे दिसतात. या पात्यांच्या फ्यूजचा प्रसार १९७६ नंतर झाला. त्यापूर्वीं कांचेच्या नळीचे किंवा चिनी मातीच्या कांडीचे फ्यूज असत, आणि जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांकडे ते अजून पाहावयास मिळतात. पात्यांच्या फ्यूजचे आकार अनेक आहेत. नेहमींचा सुमारें १९ मिलिमीटर रुंद, लहान सुमारें ११ मिलिमीटर आणि थोरला सुमारें २९ मिलिमीटर, हे त्यांतले ठळक. प्रत्येकाच्या माथ्यावर तो किती अँपिअरचा, हा आंकडा छापलेला असतो आणि ओळखण्यास सोपें जावें म्हणून रंगहि ठरविलेले आहेत. नेहमींच्या व लहान आकारांत ५ अँपिअरचा फिका बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिंवळा, २५ चा पांढुरका पारदर्शक आणि ३० चा हिरवा असतो. मात्र केवळ रंगावर विसंबूं नये. थोरल्या आकारांत तांबडा रंग १० चा नसून ५० अँपिअरचा असतो, व निळा ६० चा. यास्तव रंग पाहून हात पुढें करावा, पण आंकडा वाचूनच फ्यूज उचलावा.

फ्यूज मर्यादेच्या पलीकडे रेसभर प्रवाह गेला कीं लगेच तुटतो, असेंहि नाहीं. त्याच्या अंकापेक्षां शेंकडा दहा अधिक प्रवाह तो शंभर तासहि सोसूं शकतो. शेंकडा पस्तीस अधिक झाला, तर पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हां तरी तुटतो; आणि दुप्पट झाला, तर पांच सेकंदांच्या आंत. ही सबूर मुद्दाम ठेवलेली आहे, कारण कोणतीहि मोटर फिरूं लागतांना क्षणभर अधिक वीज ओढते, आणि तेवढ्यावरून फ्यूज तुटूं लागले तर गाडी चालविणेंच अशक्य होईल.

आतां प्रत्यक्ष तपासणीकडे वळूं जातां, पहिला प्रश्न हा कीं फ्यूज असतात कोठें? बहुतेक गाड्यांत त्यांच्या दोन पेट्या असतात: एक चालकाच्या बाजूस सुकाणूच्या खालीं किंवा डॅशबोर्डच्या कडेला, व दुसरी इंजिनाच्या कप्प्यांत बॅटरीजवळ. कोणता फ्यूज कोणत्या कामाचा, हें झांकणाच्या आंतल्या अंगास अथवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दाखविलेलें असतें. ही पुस्तिका संकट येण्यापूर्वींच, एखाद्या रविवारीं, घरासमोर गाडी उभी असतां वाचून ठेवावी. अंधारांत, भिजत, टॉर्च तोंडांत धरून ती प्रथमच उघडणें म्हणजे परीक्षेच्या मंडपांत पुस्तक चाळण्यासारखें आहे.

एखादें काम बंद पडलें, म्हणजे प्रथम पाहावें कीं तें एकटेंच बंद पडलें कीं त्याच्याबरोबर आणखीहि कांहीं. एकच दिवा गेला असेल, तर बल्बच जळाल्याचा संभव मोठा. परंतु आंतला दिवा, रेडिओ आणि घड्याळ हीं एकदमच निजलीं असतील, तर तीं ज्या एका फ्यूजवर अवलंबून आहेत त्याच्याकडेच बोट दाखवीत आहेत असें समजावें. मग किल्ली बंद करून संशयित फ्यूज पेटींतील प्लॅस्टिकच्या चिमट्यानें सरळ वर ओढावा. काढण्यापूर्वीं मोबाइलवर पेटीचें छायाचित्र घेऊन ठेवल्यास जागा चुकण्याची भीति राहत नाहीं. उजेडाकडे धरल्यावर आंतली पट्टी अखंड दिसली पाहिजे. ती मधोमध नीटपणें वितळून तुटली असेल, तर भार हळूहळू वाढत गेला असावा, असा तर्क बहुधा खरा ठरतो. उलट पट्टी नाहींशी होऊन प्लॅस्टिकवर काजळी किंवा धातूचे शिंतोडे उडाले असतील, तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा.

कधीं कधीं पट्टीस गेलेली बारीक चीर डोळ्यांस दिसत नाहीं. अशा वेळीं मल्टिमीटर किंवा तपासणीचा दिवा उपयोगी पडतो. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर दोन चिमुकल्या उघड्या जागा ठेवलेल्या असतात, त्या याच कामासाठीं. फ्यूज जागेवर असूं द्यावा, किल्ली फिरवून तें काम चालू करावें, मीटर एकदिश विजेच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा, काळी सळई गाडीच्या उघड्या धातूस लावावी आणि तांबडी सळई त्या दोन जागांना पाळीपाळीनें टेंकावी. दोन्हीकडे सुमारें बारा व्होल्ट दिसले, तर फ्यूज शाबूत आहे. एकीकडेच दिसले, तर तो गेला. कोठेंच दिसले नाहींत, तर वीज त्याच्यापर्यंत पोहोंचलेलीच नाहीं. दोष आणखी मागें आहे. मीटर अँपिअरच्या खुणेवर असतां मात्र ही तपासणी चुकूनहि करूं नये, कारण त्या स्थितींत मीटरच शॉर्ट सर्किट घडवितो.

नवा फ्यूज जुन्याच्याच आकाराचा आणि अंकाचा असावा. जवळ नसेल तर रेडिओसारख्या गरज नसलेल्या कामाचा, तोच अंक असलेला फ्यूज काढून तात्पुरता बसवावा. तोहि न मिळाला, तर कमी अंकाचा चालेल. फार तर तो लवकर तुटेल. अधिक अंकाचा मात्र कदापि चालणार नाहीं. नवा फ्यूज बसवून काम सुरळीत चाललें तर ठीकच. परंतु तोहि तत्काळ तुटला, तर तिसरा बसविण्याच्या भरीस पडूं नये. दोन पहारेकरी एकाच जागीं पडले, याचा अर्थ चोर अजून आंतच आहे.

हा चोर शोधावयाचा कोठें? चार्जर लावण्याच्या बारा व्होल्टच्या खांचेंत पडलेलें नाणें, दाराच्या बिजागरीशीं वारंवार वांकून झिजलेली तार, बाहेरून मागाहून जोडलेले झगझगीत दिवे व कर्कश हॉर्न, गंजून जड झालेली वायपरची मोटर, आणि उभ्या गाडीच्या इंजिनाच्या कप्प्यांत उबेला शिरून तारा कुरतडणारे उंदीर, हीं त्याचीं नेहमींचीं ठिकाणें होत. फ्यूज कोणत्या क्षणीं तुटतो, यावरूनहि माग लागतो. ब्रेकवर पाय देतांच तुटला, तर मागील दिव्यांच्या तारा पाहाव्यात. दार उघडतांना तुटला, तर बिजागरीजवळच्या. खड्ड्यांतून जातांनाच तुटत असेल, तर कोठें तरी सैल झालेली तार हेलकाव्यानें पत्र्यास लागत आहे.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं हा विषय प्रत्येक घरांत माहीत असणें अगत्याचें आहे, ती सांगितली पाहिजे. फ्यूज वारंवार जातो म्हणून १० च्या जागीं ३० चा घालणारे, किंवा सिगारेटच्या वेष्टणांतील चंदेरी कागद गुंडाळून जुनाच फ्यूज परत बसविणारे महाभाग रस्त्यारस्त्यावर भेटतात. काम चालू होतें, गृहस्थ आभार मानतो आणि मुलाबाळांना घेऊन पुढील प्रवासास लागतो. घडलेलें असतें तें असें: जी तार १० अँपिअरच्या बेताची म्हणून निवडली, तिच्यांत आतां ३० अँपिअर निर्वेध वाहूं शकतात आणि जूलच्या नियमाप्रमाणें तिची उष्णता नऊपट होते. फ्यूज तुटावयाचा तो तुटत नाहीं. त्याचें काम आतां तार करूं लागते. फ्यूज वितळतो तो आपल्या डबींत. तार वितळते ती गालिच्याखालीं, आसनाखालीं, किंवा डॅशबोर्डच्या मागें कापूस व प्लॅस्टिक यांच्या सहवासांत. धूर दिसूं लागतो तेव्हां आग कोठें आहे हें कळत नाहीं, आणि विजेवर चालणाऱ्या खिडक्या व कुलुपें त्या वेळीं आज्ञा पाळतीलच असा भरंवसा नसतो. चंदेरी कागदाला तर अंकच नाहीं. तो कोणत्या प्रवाहास तुटेल, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. तेव्हां दुरुस्तीहून गाडी घरीं आली, म्हणजे झांकण उघडून प्रत्येक फ्यूजचा अंक झांकणावरील कोष्टकाशीं ताडून पाहणें, ही संवय लावून घ्यावी. त्यास पैसा लागत नाहीं, आणि यंत्रशास्त्राचें ज्ञानहि लागत नाहीं.

फ्यूज शाबूत असूनहि काम बंद असेल, तर रिलेकडे वळावें. हा शब्द मूळचा डाकेच्या घोड्यांचा. एक घोडा टप्प्यावर थकला, कीं तेथें तयार असलेला ताजा घोडा पुढील मजल मारी. तारायंत्रांतहि तीच अडचण होती. दूरवरून आलेला प्रवाह क्षीण होऊन जाई. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास असें दाखविलें, कीं क्षीण प्रवाहानें एक लोहचुंबक चेतवावा आणि त्या चुंबकानें दुसऱ्या ताज्या बॅटरीचें दार उघडावें. १८४४ सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्यामध्यें मोर्सचें तारायंत्र सुरू झालें, त्या विद्येला या कल्पनेचा मोठा आधार मिळाला.

मोटारींतील रिलेचें काम याच जातीचें आहे. हॉर्नला किंवा इंजिनाच्या पंख्याला लागणारा जाड प्रवाह सुकाणूवरील नाजूक बटणांतून नेला, तर बटण लवकरच जळून जाईल. म्हणून बटणानें केवळ रिलेला इशारा द्यावयाचा आणि जड ओझें रिलेनें उचलावयाचें. पुष्कळ रिलेंच्या बुडाशीं जर्मन पद्धतीचे अंक असतात. ८५ व ८६ या टोंकांमध्यें बारीक तारेचें वेटोळें असतें. त्याला साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह पुरतो. तो मिळतांच वेटोळें लोहचुंबक बनून एक पोलादी पट्टी ओढून घेतें, आणि बॅटरीकडून ३० या टोंकावर थांबलेली वीज ८७ या टोंकावाटें कामावर जाते. त्या दारांतून ३० ते ४० अँपिअर प्रवाह जाऊं शकतो. धाकट्याच्या बोटानें थोरला वळवावा, तसा हा प्रकार आहे. कांहीं रिलेंना पांचवें टोंक असतें, त्यावर ८७अ अशी खूण असते. रिले निजलेला असतां वीज तिकडे जात असते आणि जागा होतांच तिकडील वाट तुटते.

रिलेची पहिली परीक्षा कानांनीं आणि बोटांनीं होते. एकानें बटण दाबावें, दुसऱ्यानें रिलेवर हलकेंच बोट ठेवावें. आंत 'टक' असा ठोका जाणवला, तर वेटोळें जिवंत आहे. ठोका नसेल, तर एक तर वेटोळें तुटलें, किंवा बटणाकडून इशाराच आला नाहीं. ठोका असूनहि काम होत नसेल, तर आंतील स्पर्शबिंदु जळाले असण्याचा संभव आहे. दुसरी परीक्षा अदलाबदलीची. शेजारीं तोच क्रमांक आणि तीच टोंकांची मांडणी असलेला रिले दुसऱ्या एखाद्या कामास जोडलेला असेल, तर किल्ली बंद करून दोघांच्या जागा बदलाव्यात. हॉर्न वाजूं लागला आणि दुसरें काम बंद पडलें, तर दोषी कोण हें सांगावयास नकोच. नुसता आकार सारखा म्हणून मात्र अदलाबदल करूं नये. चेहरे सारखे असले तरी आंतील जोडणी निराळी असूं शकते.

तिसरी परीक्षा टेबलावरची. ८५ व ८६ या टोंकांना बारा व्होल्ट द्यावे आणि ३० व ८७ यांना मीटर लावावा. वीज देण्यापूर्वीं वाट तुटलेली आणि दिल्यावर जुळलेली दिसली पाहिजे. कांहीं रिलेंत वेटोळ्याशेजारीं डायोड बसविलेला असतो. तेथें धन व ऋण यांची अदलाबदल झाल्यास तो जळतो, म्हणून अंगावरील आकृति आधीं पाहावी. आणखी एक प्रसंग असा, कीं रिलेचे स्पर्शबिंदु जळून एकमेकांस चिकटतात. मग हॉर्न बटण सोडलें तरी ओरडतच राहतो. त्या वेळीं तारा ओढीत न बसतां हॉर्नचा रिले किंवा फ्यूज काढून घ्यावा, कीं शांतता होते. रिलेच्या पायांवर हिरवट कळंक चढला असेल, किंवा खांचेचें प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलें असेल, तर नुसता नवा रिले बसवून भागत नाहीं. सैल झालेली खांचच बदलावी लागते.

या घरगुती विद्येस मर्यादाहि आहेत. अपघातांत फुगून प्राण वाचविणाऱ्या एअरबॅगच्या फ्यूजला व तारांना घरीं हात लावूं नये. बॅटरीजवळ मळसूत्रांनीं आवळलेले मोठे फ्यूजहि जाणत्या कारागिरावर सोंपवावेत. विजेवर किंवा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी आवरणाच्या जाड तारा असतात; त्यांतील दाब शेंकडों व्होल्टांचा, म्हणजे प्राणघातक असतो. त्यांच्या वाटेस जाऊंच नये. शिवाय आजच्या पुष्कळ गाड्यांत कांहीं रिलेंचें काम इलेक्ट्रॉनिक पाट्यांकडे गेलें आहे. तेथें 'टक' ऐकूं येणार नाहीं, आणि काढून बदलावयास सुटी वस्तुहि सांपडणार नाहीं.

गाडीच्या कप्प्यांत १०, १५, २० व ३० अँपिअरचे, आपल्या गाडीच्या आकाराचे दोन दोन फ्यूज, चिमटा, टॉर्च आणि एक लहानशी वही एवढा सरंजाम असला म्हणजे पुरे. त्या वहींत कोणता फ्यूज, कोणत्या तारखेस, काय करीत असतांना गेला, एवढीच ओळ लिहावी. अशा तीन ओळी जमल्या आणि तिन्हींत पाऊस किंवा मागचें दार आलें, तर कारागिराचा अर्धा दिवस आणि मालकाचा तेवढाच पैसा वांचतो. जळालेला फ्यूज फेंकून देण्यापूर्वीं त्यानें आणलेला निरोप वाचून घ्यावा. तो बहुधा त्या वहींतल्या ओळीइतकाच छोटा आणि स्पष्ट असतो.